पट्ट्याबद्दल मी जे बोललो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढं उभा राहतो तेव्हाही भलतंच काहीतरी पुटपुटतो आणि घंटा वाजवून परत येतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखीच्या माणसासमोर हे दोनदा ओठांवर आलं होतं — आणि दोन्ही वेळा मी चहा मागवला.

बारामतीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. इंजिनाला मी हात लावत नाही. माझं काम विजेचं — दिवे, हॉर्न, काचा, सेन्सर, आणि हल्लीच्या गाड्यांत जागोजागी लपवलेल्या त्या छोट्या पेट्या, ज्या गाडीचं डोकं चालवतात. ह्या कामात दुरुस्ती सोपी असते, सापडणं अवघड. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मधूनच होतं’, आणि गाडी आपल्यासमोर उभी राहिली की होत नाही. ते ‘मधूनच’ नेमकं कुठं लपलंय ते शोधायचं. मला ते सापडायचं. शोरूमवाल्यांनी हात टेकलेल्या गाड्या पार इंदापूरकडून माझ्याकडं यायच्या. दुकानासमोर चहाची टपरी आहे, तिथं चार-पाच माणसं कायम बसलेली. नवं गिऱ्हाईक आलं की ती सांगायची, ‘हितं सापडलं न्हाय तर कुठंच सापडायचं न्हाय.’ मी मान खाली घालून कामात असल्यासारखं दाखवायचो आणि ऐकायचो. शब्दन् शब्द ऐकायचो.

पुढचं सगळं मी पैशासाठी केलं असतं, तर सांगणं सोपं गेलं असतं. पैशाचा लोभ माणसाला समजतो. माझं तसं नव्हतं. टपरीवरच्या त्या चार माणसांसाठी मी ते केलं — त्यांतल्या दोघांची तर धड नावंही मला आता आठवत नाहीत.

अंथुर्ण्याचा दत्ता माझं जुनं गिऱ्हाईक. त्याची शेती, आणि त्याच्या बायकोची — सुरेखावहिनींची — स्वतःची रोपवाटिका. शेडनेटखाली ट्रे मांडून त्या ढबू मिरची, टोमॅटो, कलिंगडाची रोपं वाढवायच्या आणि शेतकऱ्यांच्या बांधावर नेऊन द्यायच्या. नेऊन द्यायच्या त्या स्वतः, गाडी चालवत. गाडीची मागची सीट काढून तिथं फळ्या बसवलेल्या, फळ्यांवर ट्रे. गावात ह्यावर बोलणारे होतेच. दत्ता त्यांना म्हणायचा, ‘माझ्यापरीस बरी चालवती ती.’ ते खरंही होतं. वळणावर एक ट्रे कधी कलंडला नाही त्यांचा.

त्या गाडीत एक लाल दिवा मधूनच लागायला लागला. तुमच्याही गाडीत असेल तो — बसलेला माणूस, अंगावर पट्टा, समोर गोळा. किल्ली फिरवली की चार सेकंद लागतो आणि विझतो. विझला की समजायचं, पट्टा आणि एअरबॅग जागे आहेत. चालत्या गाडीत लागला, तर कुठंतरी वायर दगा देतेय असं पेटीला वाटतंय. मग ती पेटी स्वतःवरच विश्वास ठेवत नाही. धडक झाली तरी पट्टा आवळत नाही, बॅग उघडत नाही. निदान त्या गाडीत तसंच होतं.

मी स्कॅनर लावला. ड्रायव्हरच्या पट्ट्याच्या सर्किटमध्ये फॉल्ट दाखवत होता. पुसला, तर गेला. गाडी भिगवण रस्त्यानं फिरवून आणली — दिवा नाही. सीटखाली पिवळ्या वायरी असतात, त्यांचे प्लग काढून साफ केले, मीटर लावून मोजलं. सगळं बरोबर. वहिनी स्टुलावर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या,

‘भाऊ, मी शीट पुढं वढलं की त्यो लागतोय. ह्यांनी चालवली की न्हाय लागत.’

थांबा जरा इथं. मी स्वतः ह्या वाक्यापाशी किती वेळा थांबलोय म्हणून सांगू! सीटखालून जाणारी ती वायर सीटबरोबर मागं-पुढं सरकते. दत्ता उंच, त्याची सीट पार मागं. मीही उंच. वहिनी बेताच्या उंचीच्या, त्यांची सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढं. पुढं ओढली की वायर ताणणार, आत कुठंतरी तुटत आलेली तार उघडी पडणार, दिवा लागणार. इतक्या वर्षांत इतकं नेमकं मला कुठल्याही गिऱ्हाइकानं सांगितलं नव्हतं. फॉल्ट त्यांनी शोधला होता. माझं काम फक्त वायर बदलण्याचं उरलं होतं.

आणि मी काय बोललो? टपरीवरची माणसं ऐकत होती. मी म्हणालो, ‘वहिनी, दिव्याला काय कळतंय व्हय, बाई चालवतीय का बाप्या?’

सगळे हसले. दत्ताही हसला, जरासा. वहिनीसुद्धा हसल्या. ओढणी सारखी केली आणि स्टुलावरून उठल्या.

गाडी दोन दिवस माझ्याकडं राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी टपरी रिकामी होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, इंजिन चालू केलं आणि खाली हात घातला. सीट सरकवायची दांडी हाताला लागली. ती उचलायची आणि सीट पुढं घ्यायची — एवढंच तर होतं. मी दांडी धरून बसून राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. मला माहीत होतं हो! दिवा लागणार हे मला पक्कं माहीत होतं. आणि एकदा लागला की वहिनींना सांगावं लागणार, तुमचं बरोबर होतं. दत्तासमोर. टपरीसमोर. त्या हसण्यानंतर.

मी दांडी सोडून दिली.

त्यानंतर मी जे केलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीटनेटकं काम असेल. स्टेअरिंगपुढचा मीटरचा डबा उघडला. त्या लाल दिव्याला पेटीकडून येणारी वाट तोडली आणि दिवा ऑइलच्या दिव्याला जोडून दिला. ऑइलचा दिवा किल्ली फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. आता हाही तसाच लागणार, तसाच विझणार. नुसता दिवा काढून टाकला असता तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. मी त्याला खोटं बोलायला शिकवलं. जोडावर टेप गुंडाळली, वायर बांधून घेतली, डबा बसवला, आणि वरून फडकंही मारलं.

‘सापडला का फॉल्ट?’ दत्तानं विचारलं.

‘दिव्याच्याच वायरीत हुता,’ मी म्हणालो. ‘काढला.’

आठ-दहा दिवसांनी वहिनी मुद्दाम दुकानावर थांबल्या. ‘आता अजाबात लागत न्हाय भाऊ. गुण हाय तुमच्या हाताला,’ म्हणाल्या, आणि मिरचीच्या रोपांचा एक ट्रे माझ्या घरी म्हणून देऊन गेल्या. बायकोनं ती रोपं मागच्या दारी लावली. मिरच्या लागल्या. आम्ही त्या खाल्ल्या.

मनाला काय सांगत होतो? की सर्व्हिसिंगला गाडी येईल तेव्हा वायर मागवून गुपचूप बदलून टाकू. गाडी सर्व्हिसिंगला आली. मी वायर मागवली नव्हती. पुढच्या वेळी करू म्हणालो.

पुढची वेळ आली ती अशी. सकाळची वेळ. वहिनी ट्रे भरून कळंबला निघालेल्या. समोरून एक मोटारसायकलवाला वाट सोडून आला, त्याला चुकवायला त्यांनी गाडी रस्त्याखाली घातली आणि गाडी बाभळीवर गेली. वेग फार नव्हता. बॅग उघडली असती तर तोंडाला खरचटण्यापलीकडं काही झालं नसतं — हे मी अंदाजानं म्हणत नाही, पुढून गाडी किती चेपली होती ते मी पाहिलंय. बॅग उघडली नाही. पट्टा वेळेवर आवळला नाही. त्यांचं तोंड स्टेअरिंगवर आदळलं. जबडा मोडला आणि डावा डोळा गेला. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी त्यांना गाडीतून काढून एका जीपमध्ये घातलं आणि तो माणूस आपल्या वाटेनं निघून गेला. तो कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. तो सापडला असता, तर त्यानं सांगितलं असतं की लावलेला पट्टा मीच सोडवला.

गाडी ओढून माझ्या दुकानासमोर आणून टाकली. दत्ता, त्याचा चुलतभाऊ, गावातले दोघं. वहिनी दवाखान्यात. मी दार उचकटून उघडलं. सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढं होती. खाली वाकून पाहिलं — पिवळी वायर ताणलेली, आणि एका ठिकाणी आवरण फाटून आतली तार तुटलेली. जुनं तुटणं होतं ते, टोकं काळी पडली होती. वहिनींनी सांगितलं होतं तसंच. अगदी तसंच.

मग मी पट्टा बघितला. धडकेत पट्ट्यावर माणसाचा सगळा भार येतो. वरच्या कडीतून तो जिथं जातो तिथं कापड घासून चकाकतं, कडेचे धागे विस्कटतात. लावलेला नसेल तर पट्टा कोरा राहतो. हा चकाकत होता. बोटानं चाचपून बघितला, धागे हाताला लागले. वाचता येणाऱ्याला छापील अक्षर दिसावं तितकं स्पष्ट होतं ते. वहिनींनी पट्टा लावला होता.

मागून दत्ता म्हणाला, ‘मिस्त्री, बॅग का उघडली न्हाय?’

तो रागानं बोलला नव्हता. दोन रात्री झोपला नव्हता तो, आवाज बसलेला. माझ्याकडं उत्तर होतं. त्या क्षणी ते त्या घराला पाहिजे होतं, आणि फक्त माझ्याकडं होतं. मी वाकलेलाच होतो, वर न बघता म्हणालो,

‘वहिनींनी पट्टा लावला नसंल. पट्ट्याबिगर बॅग उघडत न्हाय.’

अशी समजूत लोकांत आहेच, म्हणून ते लगेच पटलं. मला तेच पाहिजे होतं. चुलतभाऊ चुकचुकला. गावातला एक जण म्हणाला, ‘बायामाणसाला कोण सांगणार!’ दत्तानं गाडीच्या टपावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, ‘मला म्हणली हुती, लावला हुता म्हणून.’ मी मान हलवली. नुसती हलवली. तीस वर्षांच्या नावाचा सगळा भार मी त्या मान हलवण्यात घातला.

ती माणसं गेल्यावर मी मीटरचा डबा उघडला आणि माझी वायर काढून घेतली. दोन दिवसांनी विम्याचा माणूस आला, त्यानं फोटो काढले. त्यानं डबा उघडला नाही. उघडला असता तरी काही सापडलं नसतं.

दवाखान्यात वहिनींच्या खांद्यापासून छातीपर्यंत पट्ट्याचा काळानिळा वळ होता. हे मला नंतर कळलं. त्यांनी तो सासूला दाखवला, नणंदेला दाखवला. बायकांनी बघितला. पण मिस्त्रीनं सांगितलं होतं ना. वळापेक्षा माझा शब्द मोठा ठरला. ‘आदळल्याचाच वळ आसंल,’ असं सगळ्यांनी ठरवलं. दत्तानं पुन्हा गाडी घेतली नाही. रोपं दुसऱ्यांच्या टेम्पोतून जायला लागली, वेळेवर पोचेनात, गिऱ्हाईक तुटलं. वर्षाच्या आत शेडनेट उतरवलं.

इथवर सांगितलं ते वाईटच आहे. पण ज्यासाठी मी हे लिहायला बसलो, ते अजून सांगितलेलं नाही.

बारामतीतल्या एका कॉलेजनं रस्ता सुरक्षेवर बोलायला मला बोलावलं. अनुभवी माणूस म्हणून. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पट्टा किती गरजेचा हे पोरांना सांगताना — तुम्हाला खरं वाटेल का? — मी वहिनींचं उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही. ‘आपल्याच भागातली एक ताई, गाडी चालवण्यात तरबेज, पण एक दिवस आळस केला.’ आळस! तो शब्द माझा. सभागृहात टाळ्या पडल्या. शाल दिली, नारळ दिला. मी घेतला.

त्या पोरांत वहिनींची मुलगी होती. मला माहीत नव्हतं.

पंधरवड्यानं, दुपारी, वहिनी दुकानात आल्या. एसटीनं, एकट्या. काळा चष्मा, जबडा एका बाजूला ओढलेला, बोलताना शब्द थोडे घसरायचे. मी स्टूल दिलं, चहा मागवला. मला वाटलं, आता ह्या शिव्या देणार. मी तयार होतो. खरं सांगू का, मला ते पाहिजेच होतं.

त्या म्हणाल्या, ‘पोरगी सांगत हुती, तुमी कालेजात माझी गोष्ट सांगितली. मी भांडायला न्हाय आले भाऊ. इचारायला आले. गाडी तुमी उघडून बघितलीय. मी पट्टा लावला हुता का न्हवता? आधी मला पक्कं ठाव हुतं. आता सगळी म्हणत्यात, तर माझी मलाच खात्री वाटंना झालीय.’

मी चहाचा कप खाली ठेवला. सांगायला किती शब्द लागले असते? दोन. तीन.

‘टक्क आवाज झालेला मला आयकू येतोय आजून,’ त्या म्हणाल्या. ‘पर रोजच लावत हुते. त्यो आवाज आदल्या दिवशीचा बी आसंल, न्हाय का?’

त्यांनी उरलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. चष्म्याआडून तो मला नीट दिसतही नव्हता. पण त्या उत्तराची वाट बघत होत्या, एवढं दिसत होतं. टपरीच्या बाकावर त्या दिवशी कुणीही नव्हतं. ऐकणारं कुणी नव्हतं. लाज वाटावी असं एकही माणूस तिथं नव्हतं.

‘व्हय,’ मी म्हणालो. ‘तसंच आसंल वहिनी. अपघातात माणसाला नीट आठवत न्हाय.’

त्यांनी मान डोलावली. चहा संपवला, जबड्यामुळं सावकाश, घोट घोट. कप स्वतः उचलून टपरीवर ठेवून आल्या.

‘मग मी उगंच इतके दिस ह्यांच्याशी भांडत हुते,’ म्हणाल्या, आणि स्टँडकडं चालत गेल्या.

काही दिवसांनी दत्ता भेटला. सांगत होता, घरी आल्यावर वहिनींनी त्याची माफी मागितली, सासूच्या पाया पडल्या, आणि त्यानंतर तो विषय पुन्हा काढला नाही. ‘घरात आता शांत हाय मिस्त्री,’ तो म्हणाला. ‘तुमचे उपकार हायेत.’ मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी! हो, तेव्हा तरी. मी बोललो नाही.

त्यांच्या मुलीनं कॉलेज संपल्यावर गाडी शिकायची म्हटली होती. वहिनींनीच नको म्हणून सांगितलं — आपल्यात विसराळूपणा आहे, असं म्हणाल्या. हेही दत्तानंच सांगितलं, हसत हसत.

माझं दुकान जोरात चाललंय. फॉल्ट अजून सापडतात. वहिनी अंथुर्ण्यातच असतात. कळंबकडं काम निघालं की मी त्यांच्या गावावरूनच जातो, महिन्यातून दोन-तीनदा तरी. घर रस्त्यावरून दिसतं. थांबत नाही.